न वापरलेल्या डेटाचा भुर्दंड
अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी-शेवगावची जोडपी ऊसतोडीला जातात, तेव्हा मागे राहिलेल्या म्हाताऱ्या आईबापांना मुलांचा आवाज ऐकण्यापुरताच फोन हवा असतो. पण त्यांच्या गळ्यात रोजच्या डेटाची योजना मारली जाते. उरलेला डेटा मध्यरात्री बुडतो. शिवाय मुदत २८ दिवसांची, म्हणजे वर्षात १२ नव्हे, १३ रिचार्ज! जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी दरही वाढवले. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने केवळ संभाषण व एसएमएसची स्वतंत्र योजना देणे बंधनकारक केले. हा हक्क कागदावरच राहता कामा नये. डेटा किती लागतो आणि दिवसाला काय भाव पडतो, हा हिशेब कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीवर मांडावा. हेही संघटनेचेच काम आहे.