पाण्याचा हिशेब एका वहींत हवा

ज्या घरांत जमा एकाच्या वहींत व खर्च दुसऱ्याच्या वहींत लिहिला जातो, त्या घराची खरी शिल्लक कोणासच ठाऊक नसते. आपल्या पाण्याचें आज असेंच झालें आहे. पाऊस महावेधचीं स्वयंचलित हवामान केंद्रें मोजतात, धरणांतील साठा जलसंपदा विभाग, विहिरींची पातळी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. बंधाऱ्यांची नोंद आणखी एका खात्याकडे.

बीड जिल्ह्यांत कपिलधारच्या यात्रेस जाणाऱ्यांस बालाघाटाचे डोंगर परिचयाचे आहेत. ह्या डोंगररांगेच्या एका उतारावरील पाणी बिंदुसरेवाटे सिंदफणेस जातें, दुसऱ्या उतारावरील मांजरेस. पाण्याची शीव डोंगरमाथ्यावर आहे. हवामान केंद्रें मात्र महसूल मंडळाच्या हिशेबानें बसविलीं आहेत. मंडळाच्या आकड्यावरून आपल्या ओढ्यास किती पाणी आलें, हें शेतकऱ्यानें कसें ओळखावें?

ह्या अज्ञानाची किंमत मोठी आहे. सन २०१६ च्या उन्हाळ्यांत मांजरा धरण कोरडें पडलें व लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. त्या काळीं मोजणी होत नव्हती असें नाहीं. परंतु पाऊस, साठा व विहिरी यांचे आकडे एकत्र करून लागवडीपूर्वीं गांवोगांवीं मांडले असते, तर ऊस किती ठेवावा व नवी विंधणविहीर घ्यावी कीं नाहीं, याचा विचार वेळींच करितां आला असता.

सरकारनें कांहींच केलें नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. जागतिक बँकेच्या साह्यानें १९९५ पासून चाललेल्या जलविज्ञान प्रकल्पांत महाराष्ट्र होता. २०१६ मध्यें राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पहि मंजूर झाला. भूजल यंत्रणेनें राज्याचीं सुमारें दीड हजार पाणलोट क्षेत्रें पाडलीं असून तिच्या निरीक्षण विहिरी वर्षांतून चार वेळां मोजल्या जातात. पाया तयार आहे. मात्र माहिती कचेरींतून कचेरींत गेली म्हणजे काम संपलें, असें होऊं नये. ती बांधापर्यंत आली पाहिजे.

आमची मागणी साधी आहे. रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर प्रत्येक पाणलोटाचा पाऊस, साठा व विहिरींची पातळी एकाच मराठी पत्रकावर छापून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी, आणि शेजारीं मागील पांच वर्षांचे आकडे द्यावे.

आमच्या कांहीं बांधवांस भीति वाटते कीं, विहीर मोजूं दिली म्हणजे उद्यां तिजवर बंधन येईल. ही भीति अगदींच निराधार नाहीं. २००९ च्या भूजल कायद्यांत तसे अधिकार आहेतच. परंतु बंधन यावयाचेंच असेल, तर तें अंदाजावर येण्यापेक्षां आपल्यासमोर घेतलेल्या मापावर आलेलें बरें. शेजाऱ्याच्या विंधणविहिरीनें आपली विहीर आटली, हें सिद्ध करण्यासहि मापच लागतें. यास्तव आपली विहीर मोजूं द्यावी, गांवांत एक पर्जन्यमापक ठेवावा, व त्याची नोंद रोज करावी. स्वतःची वही असेल, तरच सरकारच्या वहीचा ताळा पाहतां येईल.