उदाहरण सोडवायला वेळ द्या : संशोधक-अध्यापकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. कुलगुरू आणि विद्या परिषदेचे सर्व सदस्य

विषय : पदवी वर्गांच्या ट्युटोरियलमध्ये उदाहरणे सोडवण्याचे कौशल्य शिकवता यावे, यासाठीच्या मागण्या

महोदय / महोदया,

आम्ही विज्ञान विभागांतले पीएच.डी.चे विद्यार्थी. बी.एस्सी.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची भौतिकशास्त्र आणि गणिताची ट्युटोरियल आमच्याकडे असतात. वेळापत्रकात या तासाचे नाव ‘प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’ आहे. वर्गात साठ-सत्तर मुले आणि हजेरी धरून पाऊण तास. उदाहरणे सोडवतो आम्ही. मुले ती वहीत उतरवून घेतात.

मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. मागच्या चार-पाच प्रश्नपत्रिका घोकल्या की पेपर निघतो, हे त्यांना सीनियरनी सांगितलेले असते आणि ते खरेही असते. त्यामुळे उदाहरण फळ्यावर लिहून होते न होते तोच विचारणा होते, “सर, फॉर्म्युला कुठला लावायचा?”

साधे उदाहरण घ्या. चेंडू सरळ वर फेकला आणि हवेचा विरोध धरला, तर वर जायला जास्त वेळ लागेल की खाली यायला? बरेच जण म्हणतात, सारखाच. बारावीपर्यंत तसेच शिकलेले असते. काहींच्या मते वर जाताना, कारण तेव्हा गुरुत्वाकर्षण आणि हवा दोन्ही आडवे येतात. दोन-तीन हुशार मुले थेट अवकल समीकरण मांडतात आणि तिसऱ्या ओळीत अडकतात. अशा वेळी आम्ही फळ्याकडे वळायचे नसते. एवढेच विचारायचे असते की, एकाच उंचीवर जाताना आणि येताना, चेंडूकडे ऊर्जा कधी जास्त? वाटेत हवेने ऊर्जा खाल्लेली, म्हणून येताना ती कमी. मग त्या उंचीवर वेगही कमी. हे प्रत्येक उंचीला लागू, म्हणून खाली यायलाच जास्त वेळ. आकडेमोड शून्य. पण मुलांनी इथवर आपल्या पायांनी यायचे तर अर्धा तास जातो आणि त्यातला बराच वेळ वर्ग शांत असतो. व्हरांड्यातून जाणाऱ्या वरिष्ठांना वाटते, शिकवणे बंद आहे.

जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९४५ साली ‘हाउ टु सॉल्व्ह इट’ या पुस्तकात चार पायऱ्या सांगितल्या : प्रश्न समजून घेणे, बेत आखणे, तो तडीस नेणे आणि उत्तराकडे पुन्हा वळून पाहणे. आमच्या वेळापत्रकात फक्त तिसरी पायरी बसते.

म्हणून पहिली मागणी परीक्षेविषयी. प्रत्येक सत्राच्या पेपरात किमान एक प्रश्न असा असावा, जो पुस्तकातही नाही आणि जुन्या पेपरांतही नाही. त्याचे गुण शेवटच्या आकड्याला कमी आणि मांडणीला जास्त असावेत. आकृती काढली, काय गृहीत धरले ते लिहिले, उत्तर पडताळले, तर त्याचे गुण मिळावेत. आदर्श उत्तरपत्रिकेत हे स्पष्ट लिहावे. नाहीतर कॅपला, म्हणजे केंद्रीय मूल्यांकनाला, बसलेले परीक्षक गठ्ठा संपवायच्या घाईत शेवटची ओळ पाहूनच गुण देतात. ही एक मागणी फेटाळली, तर बाकीच्या मान्य होऊनही फारसे हाती लागणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी, ट्युटोरियलची बॅच वीस मुलांची करावी आणि तास सलग दोन द्यावेत. प्रॅक्टिकलसाठी बॅचेस पाडता येतात, तशा इथेही पाडता येतील.

तिसरी मागणी नियमातलीच आहे. यूजीसीच्या २०२२च्या पीएच.डी. नियमावलीनुसार संशोधक विद्यार्थ्यांना आठवड्याला चार ते सहा तास ट्युटोरियल, प्रयोगशाळा आणि मूल्यमापनाचे काम देता येते. त्याच नियमावलीत अध्यापनाच्या प्रशिक्षणाचीही तरतूद आहे. विद्यापीठाने तास घेतले, प्रशिक्षण मात्र राहिले. सत्र सुरू होण्याआधी आठवडाभराची कार्यशाळा घ्यावी. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मुंबईतच आहे. तिथल्या तज्ज्ञांना बोलवावे. उदाहरणांची तयारी आणि वह्या तपासणे हेही त्या चार ते सहा तासांतच मोजावे. ज्यांना फेलोशिप नाही, त्यांना तासिका तत्त्वाच्या दराने दरमहा मानधन मिळावे. आणि आमच्या नावावर प्राध्यापकांच्या रिक्त जागा झाकू नयेत, त्या भराव्यात.

चौथी, ट्युटोरियलच्या उदाहरणांचे कागद मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असावेत. मराठी माध्यमातून आलेली मुलगी वाक्याचा अर्थ लावण्यातच दहा मिनिटे घालवते आणि तिला भौतिकशास्त्र येत नाही, असा शिक्का बसतो.

आम्ही ट्युटोरियल बंद ठेवणार नाही. त्यात नुकसान मुलांचेच आहे. हे मागणीपत्र विद्या परिषदेच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावे, आमच्या प्रतिनिधींना बाजू मांडू द्यावी आणि पुढील सत्राचे वेळापत्रक लागण्यापूर्वी लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.

आपले,
संशोधक-अध्यापकांच्या संघटनेचे पदाधिकारी व सर्व सदस्य