दुधाचा पेला आणि रंगीत बाटली

खानापूर तालुक्यातील नंदगडसारख्या गावांच्या सरकारी शाळांतून कर्नाटक शासन २०१३ पासून ‘क्षीरभाग्य’ योजनेखाली मुलांना १५० मिलिलिटर दूध देत आले आहे. योजना स्तुत्यच. परंतु तेच मूल शाळा सुटल्यावर २५० मिलिलिटर कोला प्याले, तर सुमारे २६ ग्रॅम साखर पोटात जाते. उष्मांक शंभरावर, पोषण शून्य, आणि भूक जवळजवळ तशीच! दिवसाला १५०० उष्मांक लागणाऱ्या मुलाच्या पोटात, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मर्यादेप्रमाणे, अशी वरची साखर ३७ ग्रॅमांहून अधिक जाता कामा नये. घरच्या बिनसाखरी ताकाला हा हिशेब लागत नाही. अतिरिक्त साखरेच्या पदार्थांची शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांच्या आत विक्री करण्यास २०२० च्या केंद्रीय विनियमांनी मनाई केली आहे. हे अंतर मोजणार कोण? नंदगडच्या पंचायतीनेच फीत हाती घ्यावी, असे आम्ही सुचवितो.