तिकीटबारीवरचे मत

वर्ष सरत आले की वर्तमानपत्रांतून चित्रपटांच्या हिशेबाला ऊत येतो. कोणी किती कोटींचा गल्ला जमवला, कोण पडला, कोण तरला, याच्या याद्या छापल्या जातात. परंतु गल्ला आणि गुणवत्ता ही दोन स्वतंत्र खाती आहेत आणि दुसऱ्या खात्याचा ताळेबंद मांडायला काही काळ जावा लागतो. या दृष्टीने २००४ हे वर्ष आज, दोन दशके लोटल्यावर, पुन्हा तपासून पाहण्याजोगे आहे. राष्ट्रीय विचारांच्या घरात वाढलेल्या एखाद्या चित्रपटरसिकाने त्या वर्षातील आवडत्या आणि नावडत्या चित्रपटांची यादी आज केली, तर त्या यादीत चित्रपटांइतकीच प्रेक्षकांचीही परीक्षा होते.

आवडत्यांच्या यादीत पहिले नाव निर्विवादपणे ‘श्वास’चे. माधवी घारपुरे यांची कथा आणि संदीप सावंत यांचे दिग्दर्शन. कोकणातले एक आजोबा नातवाला घेऊन शहरातील रुग्णालयात येतात. मुलाच्या डोळ्यांना कर्करोग आहे. प्राण वाचवायचे तर दृष्टी गमवावी लागणार. हे त्या लेकराला सांगायचे कसे, एवढाच या चित्रपटाचा प्रश्न आहे. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा नातवाला रुग्णालयाबाहेर नेतात आणि डोळे आहेत तोवर जग दाखवून आणतात. अरुण नलावडे आणि छोटा अश्विन चितळे यांनी हे सारे एकही आक्रस्ताळा सूर न लावता उभे केले. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’नंतर तब्बल अर्धशतकाने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मराठीकडे आले ते या चित्रपटामुळे. पुढे ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून त्याची निवड झाली आणि अमेरिकेतील प्रचाराचा खर्च निर्मात्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे हे कळताच समाज पुढे सरसावला. शाळकरी मुलांनीही वर्गणी जमवली. अंतिम नामांकन मिळाले नाही. पण चांगल्या कलाकृतीच्या पाठीशी समाज उभा राहू शकतो, हे त्या वर्षी सिद्ध झाले.

दुसरे नाव आशुतोष गोवारीकर यांच्या ‘स्वदेस’चे. ‘नासा’तील भारतीय शास्त्रज्ञ मोहन भार्गव आपल्याला वाढवणाऱ्या कावेरी अम्मांना न्यायला खेड्यात येतो आणि अखेर तिथलाच होतो. हे चरणपूर गाव उत्तरेतले दाखवले असले, तरी चित्रीकरण झाले ते वाईजवळच्या मेणवलीत, कृष्णेच्या काठी. गावकऱ्यांच्या श्रमातून वीज निर्माण करण्याचा प्रसंगही केवळ कविकल्पना नव्हे. नंदुरबार जिल्ह्यातील बिलगावच्या वनवासी बांधवांनी चित्रपटाच्या आधीच श्रमदानातून असा लघुजलविद्युत प्रकल्प उभारला होता.

या चित्रपटातील दोन प्रसंग मुद्दाम आठवावेत असे आहेत. गावात चित्रपट दाखवला जातो, तेव्हा पडद्याच्या एका बाजूला उच्चवर्णीय बसतात आणि दुसऱ्या बाजूला ज्यांना दूर ठेवले आहे ते. मध्येच वीज जाते. मोहन तो पडदाच दूर करून साऱ्या मुलांना आकाशातील तारे दाखवतो. समरसतेवरच्या दहा व्याख्यानांनी जे साधणार नाही, ते त्या काही मिनिटांत साधते. दुसरा प्रसंग पंचांपुढचा. संस्कार आणि परंपरा यांची ढाल पुढे करून दोष झाकू पाहणाऱ्या ज्येष्ठांना मोहन सांगतो, की आपला देश जगात सर्वश्रेष्ठ आहे असे आपण मानत नाही; मात्र तसे होण्याचे सामर्थ्य त्याच्यात निश्चित आहे. हे बोल ऐकताना काही जणांच्या कपाळाला आठ्या पडत असतील. परंतु परमवैभवाचे स्वप्न पाहणाऱ्याला आजच्या उणिवांची जाण नसेल, तर तो काम तरी कशासाठी करणार?

तिसरा ‘लक्ष्य’. फरहान अख्तर यांच्या या चित्रपटात १९९९ च्या कारगिल युद्धाची पार्श्वभूमी आहे. परंतु त्याचा खरा विषय आहे तो ध्येयहीन तरुणाईचा. खात्यापित्या घरातला, काय करावे हे न कळणारा मुलगा सैनिकी प्रशिक्षणातून एकदा पळतो, लाजतो आणि पुन्हा परततो. शिस्त ही बाहेरून लादलेली बेडी नसून आतून उगवणारी शक्ती आहे, हे तरुणांना त्यांच्याच भाषेत सांगणारे चित्रपट आपल्याकडे फार थोडे आहेत.

आता नावडत्यांकडे वळू. फराह खान यांचा ‘मैं हूँ ना’ हा त्या वर्षीचा मोठा यशस्वी चित्रपट. गाणी चांगली, विनोद खुसखुशीत, नायकाचे नाव राम आणि त्याच्या भावाचे लक्ष्मण. मग खटकते ते काय? भारत आणि पाकिस्तान यांच्यातील कैद्यांच्या सुटकेला विरोध करणारा खलनायक हा भारतीय सैन्यातला माजी अधिकारी आहे आणि त्याचे नाव आहे राघवन. शांततेची इच्छा बाळगण्यात गैर काहीच नाही. जानेवारी २००४ मध्ये खुद्द अटलजी इस्लामाबादला गेले होते. परंतु कारगिलला पुरती पाच वर्षेही झालेली नसताना, पाकिस्तानविषयी साशंक असणारा माणूस म्हणजे माथेफिरू दहशतवादी, असे समीकरण रंजनाच्या वेष्टनातून घरोघरी पोहोचले आणि कोणाला त्याचे काही वाटले नाही.

‘वीर-ज़ारा’ही त्याच वर्षीचा. मदनमोहन यांच्या चालींचे माधुर्य कोणीही मान्य करील. परंतु बावीस वर्षे पाकिस्तानी तुरुंगात खितपत पडलेल्या वायुसेनेच्या वैमानिकाची कहाणी सांगताना, ‘बेपत्ता ५४’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या खऱ्याखुऱ्या सैनिकांची आठवण त्या कथेला होत नाही.

‘मर्डर’विषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ‘अनफेथफुल’ या २००२ च्या अमेरिकी चित्रपटावरून उचललेली कथा आणि अंगप्रदर्शनाचा मसाला, एवढीच त्याची पुंजी. तरीही तो तुफान चालला. ‘गर्लफ्रेंड’ तर कलेच्या कोणत्याही कसोटीवर न उतरणारा. पण त्याच्याविरुद्ध निदर्शने झाली, काही ठिकाणी चित्रपटगृहांची मोडतोड झाली आणि आपल्या मरणाने मेला असता असा एक सुमार चित्रपट देशभर चर्चेचा विषय झाला. त्याच्या निर्मात्यांना एवढी प्रसिद्धी पैसे मोजूनही मिळाली नसती.

खरा प्रश्न इथेच आहे. ‘मर्डर’ चालला आणि ‘स्वदेस’ तिकीटबारीवर आपटला. ‘लक्ष्य’लाही अपेक्षित यश लाभले नाही. हिंदी चित्रपटसृष्टी बिघडली, अशी तक्रार बैठकीच्या खोल्यांतून आजही ऐकू येते. पण तक्रार करणाऱ्यांपैकी किती कुटुंबे त्या डिसेंबरात मुलाबाळांसह ‘स्वदेस’च्या रांगेत उभी राहिली? नंतर दूरचित्रवाणीवर फुकट पाहून डोळे टिपणे सोपे असते. निर्माता मात्र अश्रू मोजत नाही, तिकिटे मोजतो आणि पुढचा चित्रपट त्याच मोजणीवर बेततो.

निषेधाचा हक्क सर्वांना आहे आणि जिथे तो आवश्यक असेल तिथे तो सनदशीर मार्गाने बजावलाच पाहिजे. मात्र निषेधाने फार तर एखादा वाईट चित्रपट थांबेल; त्यातून चांगला चित्रपट जन्माला येणार नाही. त्यासाठी लागतो तो ‘श्वास’च्या वेळी दिसलेला समाज. आज पडदा हातातल्या यंत्रात आला आहे आणि काय पाहिले, किती वेळ पाहिले, याची नोंद क्षणोक्षणी होते आहे. म्हणजे मतदान आता रोजच चालू आहे. या वर्षाची आवडती-नावडती यादी करताना, यादीतील किती चांगल्या चित्रपटांना आपल्या घराने खरोखर मत दिले, याचाही हिशेब प्रत्येक कुटुंबाने मांडायला हवा.