गिधाडाचे खाते

वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी एक नियम शिकवतात : जे पैशात मोजता येत नाही ते वहीत लिहायचे नाही. नियम सोयीचा खरा. पण त्यापायी केवढा तोटा नजरेआड राहतो, हे मला आमच्या आदिलाबादच्या शिवारात कळले.

आजी सांगते, पूर्वी गावात जनावर मेले की शिवाराबाहेर ओढून टाकीत आणि दिवस मावळेपर्यंत नुसता सांगाडा उरे. गिधाडे हे काम फुकट करीत, म्हणून त्याची नोंद कोणी ठेवली नाही. मी वीस वर्षांचा आहे. गिधाड मी चित्रातच पाहिले. गेल्या साली आमचा बैल गेला, तेव्हा चार दिवस दुर्गंधी आणि कुत्र्यांची झुंबड!

गिधाडे गेली ती गुरांच्या दुखण्यावर दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकमुळे. औषध दिलेले जनावर लगेच मेले तर ते त्याच्या मांसात उरते. खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. एका मढ्यावर कितीतरी गिधाडे बसतात, तेव्हा शंभरातले एक मढे विषारी निघाले तरी पुरे. वर्षाला एकच अंडे घालणारा पक्षी ही तूट कशी भरून काढणार? १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरात एकही उरली नाहीत. कुत्री वाढली, रेबीज वाढला. दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली हिशेब मांडला : गिधाडे गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख माणसे जास्त मेली. शेवटी वहीत नोंद झालीच की, पण नावे बाजूला!

'माणसाचे पोट आधी पाहा, गिधाडाचे काय घेऊन बसलात?' असे म्हणणाऱ्या मित्रांना हे माझे उत्तर आहे.

गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ साली बंदी आली. केटोप्रोफेन व असेक्लोफेनॅकवर २०२३ साली. पूर्वीच्या आपल्याच जिल्ह्यातील बेज्जूरच्या पालरापू कड्यावर २०१३ साली लांब चोचीच्या गिधाडांची वसाहत आढळली. प्राणहितेपलीकडे गडचिरोलीत वनखात्याने गिधाडांसाठी 'उपाहारगृहे' काढली. पण शेजारच्या गावातले मढे विषारी असेल तर त्या उपाहारगृहाचा काय उपयोग? मेलॉक्झिकॅम हे गिधाडांना न बाधणारे औषध आहे. ते नाव घेऊन मागितले पाहिजे, आणि हे काम शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांचे आहे.

आमचा बैल मरण्याआधी लंगडत होता. त्यालाही इंजेक्शन दिले होते. बाटली मीच दुकानातून आणली. वरचे नाव वाचले नाही.