आठ दिवसांच्या तेलासाठी

इक्वेडोर या दक्षिण अमेरिकेतील लहानशा देशाच्या मतदारांनी २० ऑगस्ट २०२३ रोजी एका प्रश्नाचे उत्तर दिले. यासुनी राष्ट्रीय उद्यानातील 'गट ४३' या क्षेत्रातले खनिज तेल कायमचे जमिनीखालीच राहू द्यावे काय, असा तो प्रश्न होता. शेकडा जवळजवळ ५९ मतदारांनी 'होय' असे उत्तर दिले. त्या वेळी तेथून रोज पन्नास हजारांहून अधिक पिंपे तेल निघत होते. तरीही कर्जाने वाकलेल्या एका देशातील सामान्य माणसांनी चालू विहिरी बुजविण्याचा कौल दिला. घटना न्यायालयाने त्यासाठी एक वर्षाची मुदत घालून दिली होती. ती केव्हाच उलटली आहे आणि बहुतेक विहिरींतून तेलाचा उपसा चालूच आहे.

भांडवलदारी सरकारे जनादेश पायदळी तुडवितात, हे आपल्या कार्यकर्त्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही. सांगायचे आहे ते निराळेच. यासुनीच्या या भागात तेलाचे उत्पादन सुरू करण्याचा निर्णय एखाद्या अमेरिकन कंपनीने किंवा लष्करशहाने घेतलेला नव्हता. 'एकविसाव्या शतकातील समाजवाद' हे ब्रीद मिरविणाऱ्या सरकारने तो घेतला, सरकारी मालकीच्या कंपनीमार्फत घेतला आणि दारिद्र्यनिर्मूलनाच्या नावाने घेतला. म्हणून हा वाद आपल्या घरातला आहे, आणि तो घरातच परखडपणे झाला पाहिजे.

अँडीज पर्वताच्या पूर्वेस, अॅमेझॉनच्या उगमक्षेत्रात, सुमारे दहा हजार चौरस किलोमीटरचे हे अरण्य पसरले आहे. १९७९ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले व १९८९ साली युनेस्कोने त्याला जीवावरणाचे राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. तेथील एकेका हेक्टरात साडेसहाशेहून अधिक वृक्षजाती मोजल्या गेल्या आहेत. पण हे केवळ झाडांचे आणि पाखरांचे रान नव्हे. ते वाओरानी आणि किच्वा लोकांचे घर आहे; त्यांची शिकार, मासेमारी, औषधी आणि शेती यांचा तो आधार आहे. याच रानाच्या आतल्या भागात तागाएरी व तारोमेनाने हे दोन समूह राहतात. त्यांनी बाहेरच्या जगाशी संबंध ठेवण्याचे जाणूनबुजून नाकारले आहे. या नकारामागे इतिहास आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत अमेरिकन मिशनऱ्यांनी वाओरानींना त्यांच्या विस्तीर्ण मुलखातून काढून एका लहान राखीव क्षेत्रात गोळा केले. मोकळ्या झालेल्या रानात तेलवाले शिरले. जे त्या कळपात जाण्यास तयार झाले नाहीत, त्यांचेच वंशज आजचे तागाएरी होत. त्यांना 'मागासलेले' म्हणण्यापूर्वी आपण एवढे ध्यानात घ्यावे की, त्यांनी आपल्या 'प्रगती'चे पहिले पाऊल पाहिले होते आणि पाहूनच पाठ फिरविली होती.

त्या प्रगतीचे पुढे काय झाले? टेक्साको कंपनीस १९६७ साली लागो आग्रियो येथे तेल लागले. १९७२ पासून निर्यात सुरू झाली. कंपनी १९९२ मध्ये निघून गेली तेव्हा तिच्यामागे शेकडो उघडे खड्डे राहिले होते. तेलाबरोबर भूगर्भातून खारट, विषारी पाणी वर येते. ते पुन्हा भूगर्भात सोडण्याचा खर्च वाचवावा म्हणून असे अब्जावधी गॅलन पाणी ओढ्यानाल्यांत सोडून देण्यात आले होते. त्याच ओढ्यांवर माणसे पाणी पीत होती, मुले पोहत होती. १९९३ पासून तेथील शेतकरी व आदिवासी न्यायालयाची पायरी चढत आहेत. इक्वेडोरच्या न्यायालयांनी साडेनऊशे कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. पण टेक्साको गिळंकृत करणाऱ्या शेवरॉनने ती दिली नाही. तो निवाडा फसवणुकीने मिळविल्याचे म्हणत कंपनीने अमेरिकेच्या न्यायालयातून व २०१८ साली हेग येथील लवादाकडून आपल्या बाजूचे निर्णय मिळविले. वकिलांच्या युक्तिवादांत कोण जिंकले हे ठरले. ओढ्याचे पाणी कोण स्वच्छ करणार, हे ठरलेच नाही.

या पार्श्वभूमीवर २००७ साली इक्वेडोरने जगापुढे एक अपूर्व प्रस्ताव ठेवला. अर्थतज्ज्ञ व तत्कालीन ऊर्जामंत्री आल्बेर्तो आकोस्ता हे त्याचे प्रमुख पुरस्कर्ते होते आणि राष्ट्राध्यक्ष राफाएल कोरेया यांनी तो संयुक्त राष्ट्रसंघात मांडला. इशपिंगो, तांबोकोचा व तिपुतिनी या तीन क्षेत्रांखाली सुमारे ८४ कोटी ६० लाख पिंपे तेल आहे; आम्ही ते काढणार नाही; त्यापासून मिळणाऱ्या उत्पन्नाच्या निम्मी रक्कम, म्हणजे तेरा वर्षांत ३६० कोटी डॉलर, जगाने आम्हांस द्यावी, असा तो प्रस्ताव होता. जग आज रोज दहा कोटी पिंपांहून अधिक तेल जाळते. म्हणजे हा सारा साठा जगाला जेमतेम आठ दिवस पुरेल! आठ दिवसांच्या तेलासाठी हजारो वर्षांचे अरण्य आणि दोन मानवसमूह पणाला लावायचे की नाही, हा प्रश्न होता. श्रीमंत राष्ट्रांनी त्याचे उत्तर आपल्या नेहमीच्या पद्धतीने दिले. जर्मनीच्या संसदेने आधी पाठिंबा दिला. मग नव्या मंत्र्याने हात आखडता घेतला. २०१३ पर्यंत निधीत प्रत्यक्ष जमा झाले ते सुमारे एक कोटी तीस लाख डॉलर. हवामानबदलावर परिषदा भरविणाऱ्यांची ही दानत!

१५ ऑगस्ट २०१३ रोजी कोरेया यांनी प्रस्ताव गुंडाळला आणि जगाने आम्हांला दगा दिला असे सांगितले. ते खरेच होते. पण जगाने दगा दिला म्हणून आपण आपल्याच दुर्बल बांधवांना दगा द्यावा, हे कोणत्या समाजवादात बसते? इक्वेडोरच्या २००८ च्या घटनेने निसर्गाला हक्क देऊन साऱ्या जगात कीर्ती मिळविली. त्याच घटनेच्या ५७ व्या कलमाने अलिप्त राहणाऱ्या समूहांच्या भूमीत उत्खननास मनाई केली असून तिचा भंग हा वंशसंहाराचा गुन्हा ठरविला आहे. घटना आडवी आली तेव्हा नकाशे सरळ करण्यात आले. २०१३ मध्ये सरकारने सादर केलेल्या नव्या नकाशांत हे लोक तेलक्षेत्राच्या बाहेर सरकले होते. माणसे जागची हलली नव्हती; लेखणी हलली होती.

तेव्हा तरुणांनी 'यासुनीदोस' या नावाने एकत्र येऊन सार्वमतासाठी साडेसात लाखांवर सह्या गोळा केल्या. निवडणूक आयोगाने कागदाचे वजन, शाईचा रंग असली कारणे काढून निम्म्याहून अधिक सह्या बाद केल्या. आंदोलकांना 'बालिश' म्हणून हिणविण्यात आले. त्याच वर्षांत एका पर्यावरण संस्थेला कुलूप ठोकण्यात आले. २०१६ साली तिपुतिनीतून तेल वाहू लागले. सह्यांना न्याय मिळून सार्वमत होण्यास तब्बल दहा वर्षे लागली.

आता या तेलाच्या समर्थकांचे युक्तिवाद पाहू. त्यांतील सर्वांत वजनदार युक्तिवाद असा की, गरीब देशाला शाळा, दवाखाने, रस्ते हवेत. पैसा आणायचा कोठून? हा प्रश्न विचारणाऱ्याची टवाळी करण्याचा अधिकार पोटभर जेवणाऱ्या निसर्गप्रेमिकांना नाही. पण उत्तर इतिहासाने दिलेले आहे. १९७२ पासून अर्धशतकभर तेल विकून इक्वेडोरला काय मिळाले? तेलाच्या भरवशावर परदेशी कर्जे वाढली, ऐंशीच्या दशकात त्या कर्जांचा फास आवळला, १९९९ साली बँका कोसळल्या आणि २००० साली देशाने आपले चलनच सोडून डॉलर स्वीकारला. पुढे चीनकडून घेतलेली कर्जे तेलाच्या रूपाने फेडण्याचे करार झाले. म्हणजे जमिनीतून बाहेर येण्यापूर्वीच तेल गहाण पडले. ज्या प्रांतांतून तेल निघते ते प्रांत देशातील दरिद्री प्रांतांत मोडतात. यासुनीचे तेल तर जड प्रतीचे. ते काढताना त्याच्या अनेक पटींनी विषारी पाणी उपसावे लागते आणि बाजारात त्याला भाव कमी मिळतो. शाळांसाठी पैसा हवा असेल तर धनिकांना दिलेल्या करसवलतींकडे प्रथम का पाहू नये, हा यासुनीदोसचा प्रश्न होता. डाव्या सरकारला तो ऐकू आला नाही. श्रीमंताच्या तिजोरीपेक्षा आदिवासीचे रान फोडणे नेहमीच सोपे असते.

दुसरा युक्तिवाद तंत्राचा आहे. उद्यानाच्या एक टक्क्याहूनही कमी जागा वापरू, अत्याधुनिक पद्धती वापरू, असे सांगण्यात येते. विहीर एक टक्का जागेत असेल. पण नळ, रस्ते, दिवे, यंत्रांचा आवाज, गाळ आणि गळती एक टक्क्यात राहत नाहीत. रस्त्याबरोबर लाकूडचोर येतो, रोगराई येते आणि ज्या समूहांच्या शरीरात साध्या सर्दीपडशाची प्रतिकारशक्ती नाही त्यांच्या दाराशी मृत्यू येतो. अत्याधुनिक तंत्राचे म्हणाल, तर एप्रिल २०२० मध्ये कोका नदीकाठची जमीन खचून देशाच्या दोन्ही मुख्य तेलवाहिन्या फुटल्या आणि हजारो पिंपे तेल नदीत गेले. साथीच्या टाळेबंदीत नदीकाठच्या किच्वा गावांची मासळी गेली, पाणी गेले.

तिसरा युक्तिवाद अधिक टोचणारा आहे. ओरेयाना आणि सुकुंबिओस या तेलप्रांतांत बहुसंख्य मतदारांनी तेल चालू ठेवण्याच्या बाजूने मत दिले. काही आदिवासी गावांनाही तेल हवे आहे. मग क्विटोच्या शहरी मतदारांनी त्यांच्यावर आपले मत का लादावे? याकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण तेथे शाळा कंपनीची, दवाखाना कंपनीचा, होडी कंपनीची आणि पगारही कंपनीचाच. जे नागरिकाला हक्काने मिळावयास हवे होते, ते शासनाने कंपनीच्या हातून भिक्षा म्हणून वाढले. ज्याच्या ताटात दुसरे काही वाढलेच नाही, त्याला 'तुला हेच आवडते' असे म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. त्या कामगारांची भाकरी हिरावून घेऊन अरण्य वाचविता येणार नाही, हे मात्र खरे. विहिरी बुजविणे, खड्डे साफ करणे, नद्या पुन्हा जिवंत करणे हे वर्षानुवर्षांचे काम आहे. ते त्याच कामगारांना, त्याच पगारावर मिळाले पाहिजे. आणि सर्व वाओरानी तेलाच्या बाजूचे आहेत, हेही खोटे. पास्तासा प्रांतातील वाओरानींनी नेमोंते नेंकीमो यांच्या नेतृत्वाखाली एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयात सरकारला हरविले आणि आपल्या भूमीचा लिलाव रोखला. आमची संमती खऱ्या अर्थाने घेतली गेली नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

सार्वमतानंतर काय झाले, तेही पाहण्याजोगे आहे. जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष नोबोआ गुन्हेगारी टोळ्यांविरुद्धच्या लढाईच्या खर्चाचे कारण सांगून अंमलबजावणी पुढे ढकलण्याची भाषा बोलू लागले. मुदत संपता संपता, ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस, दोनशेहून अधिक विहिरींपैकी पहिली विहीर बंद करण्यात आली आणि उरलेल्या कामासाठी पाच वर्षांहून अधिक काळ मागण्यात आला. तागाएरी व तारोमेनाने यांच्यावर २००३, २००६ आणि २०१३ साली झालेल्या हल्ल्यांच्या प्रकरणी आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये जाहीर केलेल्या निकालात इक्वेडोरला दोषी धरले आणि सार्वमताची अंमलबजावणी करण्याचा आदेश दिला. त्याच वर्षीच्या जुलैत सरकारने पर्यावरण मंत्रालय ऊर्जा व खाण मंत्रालयात विलीन करण्याचे जाहीर केले. शेळीचे राखणदार म्हणून लांडग्याची रीतसर नेमणूक झाली!

यातून आपण घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. मालकी खासगी कंपनीकडून सरकारी कंपनीकडे गेली म्हणजे समाजवाद येत नाही. निर्णय कोण घेतो, किंमत कोण मोजतो आणि ज्याला किंमत मोजावी लागते त्याला 'नाही' म्हणण्याचा अधिकार आहे की नाही, यावर समाजवाद ठरतो. कोरेया यांनी ज्या आठवड्यात यासुनीचा प्रस्ताव मोडीत काढला, त्याच आठवड्यात, १९ ऑगस्ट २०१३ रोजी, ओडिशातील नियमगिरीच्या बारा ग्रामसभांपैकी शेवटच्या ग्रामसभेनेही बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने विचारले म्हणून डोंगरिया कोंध बोलू शकले. तागाएरींना ग्रामसभेत बोलावून विचारता येत नाही. त्यांचे उत्तर त्यांच्या अलिप्ततेतच आहे, आणि ते पन्नास वर्षांहून अधिक काळ एकच आहे.

म्हणून आपल्या अभ्यासवर्गांत, आपल्या सभांत यासुनीची चर्चा झाली पाहिजे. श्रीमंत राष्ट्रांनी गरीब देशांची कर्जे रद्द करावीत आणि जमिनीत राखलेल्या तेलाची किंमत मोजावी, ही मागणी आपण केली पाहिजे. परंतु ती मान्य होईपर्यंत दुर्बलांचा बळी देत राहू, असे म्हणणाऱ्या आपल्याच मित्रांना अडविण्याचे धैर्यही आपण दाखविले पाहिजे. 'राष्ट्रहित' हा शब्द जेव्हा जेव्हा कानावर पडेल, तेव्हा त्या राष्ट्रात वाओरानी येतो काय, गोंड येतो काय, कोंध येतो काय, असे कार्यकर्त्याने उभे राहून विचारावे. इक्वेडोरच्या गरीब मतदाराने या प्रश्नाचे उत्तर मतपेटीत टाकले आहे. ते भूगर्भात गाडण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही, मग त्याच्या झेंड्याचा रंग कोणताही असो.