बेवड, वाफसा आणि क्षणभर जगणारी रसायनं

मृगाच्या तोंडावर पहिला दमदार पाऊस झाला की जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या काळ्या शिवारात लगेच कुणी वखर काढत नाही. उन्हाळाभर भेगाळलेली जमीन पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात, पायाला चिखलाचे थर चिकटतात. जाणता माणूस सकाळी बांधावरून आत जातो, वितभर खोलीची माती मुठीत दाबतो. गोळा झाला आणि बोटाच्या टिचकीने तो भुगभुगीत फुटला, तर म्हणतो, वाफसा आला. मातीच्या पोकळीत पाणीही आहे आणि हवाही, अशी ही वेळ. ती एक-दोन दिवस टिकते आणि हातची गेली की पुढच्या पावसापर्यंत येत नाही.

या वेळेत जमिनीच्या पोटात काय घडतं, ते विज्ञानाला फार उशिरा उमगलं. एप्रिल-मेच्या उन्हात मातीतले असंख्य सूक्ष्मजीव मरतात. पाणी मिळताच जिवंत राहिलेले जागे होतात आणि त्या मेलेल्यांवर, कुजलेल्या पालापाचोळ्यावर तुटून पडतात. केनियात काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये हा उसळता कारभार मोजून दाखवला: कोरडी माती भिजली की काही तासांत कर्ब आणि नत्र भराभर मोकळे होतात. आपल्याकडे उन्हाळी नांगरट करून ढेकळं तापू देतात, त्यामागचा अनुभव वेगळा नाही.

मोकळ्या झालेल्या अमोनियाचं नायट्रेट होतं आणि ते पिकाला मिळतं, एवढं शाळेच्या पुस्तकात असतं. खरी गोष्ट या दोन शब्दांच्या मधे आहे. अमोनियापासून आधी हायड्रॉक्सिलअमाइन होतं, त्यापासून नायट्रिक ऑक्साइड, मग नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट. मधले पहिले दोन टप्पे जन्मतात आणि लगेच संपतात. माती परीक्षणाच्या कुठल्याही अहवालात ते सापडणार नाहीत. हे काम करणारे जिवाणू सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास वेगळे काढले. पण नायट्रिक ऑक्साइड हा या वाटेवरचा अटळ टप्पा आहे, हे कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरांतो आणि लँकास्टर यांनी दाखवलं ते २०१७ मध्ये. शेतकऱ्याने हजारो वर्षं ज्याच्यावर पेरा केला, त्याचा एक दुवा हाती यायला विज्ञानाला सव्वाशे वर्षं लागली.

याच क्षणजीवी रसायनांमुळे नत्राचं चक्र लोहाच्या चक्राला भिडतं आणि लोहाचं कर्बाच्या चक्राला. आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्टची झीज आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, त्यांत लोह भरपूर. तरीही जालन्याच्या मोसंबीची कोवळी पानं लोहाअभावी पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीत चुनखडी जास्त, त्यामुळे लोह असूनही मुळांना घेता येत नाही. पावसाचं पाणी तुंबलं की हेच लोह हवेअभावी विरघळतं. पाणी ओसरून वाफसा येतो, हवा आत शिरते, आणि विरघळलेल्या लोहाला प्राणवायू भेटतो. या भेटीत सुपरऑक्साइड, मग हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अखेर हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. पाण्यातलं त्याचं आयुष्य सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. तेवढ्यात तो शेजारच्या ह्यूमसच्या लांब साखळ्या तोडतो, त्यांत अडकलेला कर्ब आणि नत्र सुटतो. पेरॉक्साइड आणि लोहाच्या या खेळावरचा फ्रिट्झ हाबर आणि जोसेफ वाइस यांचा निबंध १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. हाबर त्याच वर्षी वारले. ज्या हाबरने १९०९ मध्ये हवेतल्या नत्राचा अमोनिया करून दाखवला आणि ज्याच्या शोधातून पुढे युरियाची गोणी आली, त्याच्याच नावावर हेही काम आहे. गोणी जगभर पोचली, दुसरा हाबर शेतापर्यंत आलाच नाही.

त्याला कारण आहे. १८४० मध्ये युस्टुस लीबिग यांनी शेतीच्या रसायनावर ग्रंथ लिहिला आणि जमिनीकडे वहीखात्याच्या नजरेने पाहायची सवय लावली: पिकाने किती नेलं, आपण किती परत टाकलं. त्या हिशेबाने जग जगवलं, हे मान्यच करायला हवं. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी मराठवाड्यात काढला, त्यांना जास्तीच्या पोत्याची किंमत कुणी सांगायला नको. पण शिल्लक मोजणारी वही व्यवहाराची वेळ सांगत नाही. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ आकडे असतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, लोह, जस्त सारं असतं, आणि ते उपयोगीही आहे. मात्र त्यातला प्रत्येक आकडा जमीन थांबलेली आहे असं समजून काढलेला असतो.

आपल्या भाषेत याला उत्तर म्हणावा असा एक शब्द आहे: बेवड. आधीच्या पिकाने जमिनीवर ठेवलेला गुण, तो बेवड. तुरीचा बेवड चांगला, मुगाचा चांगला, असं म्हणताना शेतकरी किलो सांगत नाही, क्रम सांगतो. १८९३ च्या अहवालात जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी इथल्या शेतकऱ्याच्या फेरपालटीच्या आणि मिश्र पिकाच्या जाणतेपणाची उघड दाद दिली होती. त्याच्या थोडं आधी, १८८६ ते १८८८ या काळात, जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी शेंगवर्गी पिकांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र घेतात हे सिद्ध केलं होतं.

ती गाठ जवळून पाहण्यासारखी आहे. आतल्या जिवाणूंचं नत्र बांधणारं विकर लोह, गंधक आणि मॉलिब्डेनम यांनी घडलेलं असतं, आणि प्राणवायू लागला की ते मरतं. पण जिवाणूंना श्वास तर घ्यायचाच असतो. म्हणून झाड माणसाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखंच एक लोहयुक्त द्रव्य तयार करतं, लेगहिमोग्लोबिन. ते प्राणवायू मोजूनमापून पोचवतं आणि वाटेत तयार होणारा नायट्रिक ऑक्साइडही आवरून धरतं. ज्वारीत चार तास तुरीचे ठेवणाऱ्या आजोबांना यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं, पण त्या तासांचा गुण पुढच्या पिकावर त्यांनी पाहिलेला होता.

बदनापूरचं नाव याच पिकांशी जोडलेलं आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं इथलं संशोधन केंद्र तूर, मूग, उडीद, हरभरा या कडधान्यांसाठी ओळखलं जातं. बीडीएन-७११ या वाणाच्या नावातली पहिली अक्षरं या गावाची आहेत. बीएसएमआर-७३६ हे नाव वांझ रोगाला दाद न देण्यावरून आलं. शेतोशेती पेरल्या जाणाऱ्या तुरीत आपल्या गावाचं नाव आहे, याचा अभिमान इथल्या प्रत्येकाला असायला हवा. आणि म्हणूनच मूग-उडदाचं क्षेत्र आक्रसत जाताना आपण गप्प बसणं मला पटत नाही.

युरियाचंही वेळेचंच गणित आहे. ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असतो. गोणी टाकली आणि पाठोपाठ झोडपणारा पाऊस झाला, पाणी साचलं, की हवेविना जगणारे जिवाणू नायट्रेट उलट्या वाटेने परत हवेत पाठवतात. तिथेही मधे नायट्रिक ऑक्साइड येतो, आणि काम अर्धवट राहिलं तर नायट्रस ऑक्साइड सुटतो. हा वायू शंभराहून अधिक वर्षं हवेत राहतो आणि वजनाच्या मानाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो. क्षणभर जगणाऱ्याचा भाऊ शतकभर जगतो, आणि पीक पिवळंच राहतं. २०१५ पासून युरियाला निंबोळीचा लेप सक्तीचा झाला, तो अमोनियाच्या पहिल्याच पायरीवर जिवाणूंना मंद करण्यासाठी. सरकारी धोरणाने या मधल्या वेळेची दखल घेतली, अशा मोजक्या उदाहरणांतलं हे एक. तेवढ्यावर थांबू नये. खताची शिफारस एकरी गोण्यांत सांगताना ती वाफशाच्या भाषेतही सांगा, हप्ते पाडून सांगा, बेवड विचारून सांगा. खत दुकानाच्या पाटीवर आणि कृषी सहायकाच्या वहीत या तीन गोष्टींना जागा मिळाली पाहिजे.

वाचकांपैकी ज्यांच्या शेतात या हंगामात तूर असेल, त्यांना एक विनंती. पेरून दीड महिना झाला की वाफशावर एक झाड उपटू नका, कुदळीने मातीसकट खणून काढा. उपटलं तर गाठी मातीतच राहतात. मुळं बादलीत हलक्या हाताने धुवा आणि मोठी गाठ नखाने चिरा. आत गुलाबी-तांबूस दिसली तर ती कामावर आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली, तर पुढच्या वर्षी बियाण्याला गाठीतले जिवाणू, म्हणजे रायझोबियम, चोळायला विसरू नका.